माणसं मोजायची नसतात

तालेक, ९ जुलै

कोइनेतला, त्याच्या आईकडून.

गुरं बरी आहेत. पोरं बरी आहेत. पाऊस नाही, पण मुगुरेच्या दुकानातला रेडिओ येणार म्हणतो. गेल्या वर्षीही तो हेच म्हणत होता.

अक्षर ओळखलंस ना? तुझ्याच मुलीचं आहे. मी बोलते आणि ती लिहिते. फोनचा नाद मी सोडला. फोनवर मी तिचं नाव घेतलं की तुझ्याकडची रेंज जाते. मोंबासात समुद्राकाठी एवढाली हॉटेलं, सगळीकडे दिवे, आणि रेंज जाते ती नेमकी सिलांतोईच्या नावाला. पत्र मध्येच कापता येत नाही. फार तर फाडशील, पण फाडण्याआधी वाचशीलच. लहानपणी मार खातानासुद्धा काठी कुठल्या झाडाची आहे ते तू बघून घ्यायचास.

सिलांतोईला मागणी घालणाऱ्या त्या म्हाताऱ्या ओले सोपियाच्या कालवडी अजून माझ्याच आवारात आहेत. कालवडी चांगल्या आहेत, त्यांच्यात खोट काढणार नाही. पांढऱ्या कपाळाची गाभण आहे. संध्याकाळी माझ्या गुरांबरोबर आत येतात आणि माझ्याकडे बघत उभ्या राहतात, मी दुसरीकडे बघते. त्यांची नावं मी ठेवलेली नाहीत. नाव ठेवलं की आपली होते, आणि मला त्या परत पाठवायच्या आहेत.

जाताना तू दारात उभा राहून काय बोललास ते मला पाठ आहे. “तिच्या अंगावर तो कॅम्पचा हिरवा गणवेश आहे तोवर मी थांबतो. ज्या दिवशी तो उतरेल त्या दिवशी ओले सोपिया येऊन तिला घेऊन जाईल.” हे मी ऐकून घेतलं. मुलींचे बाप असं बोलतातच, माझाही बोलला होता आणि मला तुझ्या बापाकडे धाडून मोकळा झाला होता. पण त्याच्या आधी तू बोललास ते मला गिळता आलेलं नाही. सगळ्या जाणत्यांसमोर तू कालवडींचा आकडा उच्चारलास, आणि वर म्हणालास, “आणि त्यांच्या बदल्यात एक मुलगी.”

एक. कोइनेत, आपल्या घरात लेकरं कधी कुणी मोजली नाहीत. गुरंही मोजली नाहीत. मोजलेलं मरणाच्या नजरेत येतं हे तुला मी दुधाबरोबर पाजलं होतं. तू समुद्रावर जाऊन मोजायला शिकलास आणि पहिली मोजलीस ती पोटची पोर.

इथे हिने पेन खाली ठेवलं. “कोको, हेही लिहायचं?” असं आजीलाच विचारते. लिही म्हटलं. उठली, चहा ढवळून आली, मग लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं असेल तर ते त्यामुळे.

आता चांगलं सांगते. ती गाईडची परीक्षा पास झाली. आता तिला स्वतःची गाडी आहे, स्वतःचे पाहुणे आहेत. सकाळी त्यांना रानात नेते, सिंह दाखवते आणि जेवणाच्या वेळेला परत आणते. तू पाहुण्यांसमोर लाल शुकाची चादर गुंडाळून नाचात उड्या मारतोस, तीही पाहुण्यांचंच करते. फरक एवढाच की तिला उड्या माराव्या लागत नाहीत. रागावू नकोस. तू उंच उडायचास ते मला आठवतं.

कॅम्पच्या मॅनेजर अपियो मॅडम कडक आहेत. त्यांचा नियम असा की गाडी हलवण्याआधी माणसं मोजायची. दुसरा गाईड, तो पर्मुआत, मिशनच्या शाळेत शिकलेला, भराभरा मोजतो. सिलांतोईने येऊन मला विचारलं, काय करू. मी म्हटलं, वासरांमागे जायचीस तेव्हा काय करायचीस? बघायचीस. कोण नाही ते बघितल्यावर कळायचं. तसंच कर. मग ती मॅडमसमोर नुसते ओठ हलवते आणि बघून घेते. मॅडम खूश, आम्हीही खूश.

हे शेवटचं लिहायला नको होतं म्हणतेय. आता लिहून झालंय.

तुझी आई
नूलमोंगी


तालेक, २३ जुलै

कोइनेतला, त्याच्या आईकडून.

गुरं बरी आहेत.

हे अक्षर मुगुरेचं आहे, दुकानवालीचं. सिलांतोईला आज वेळ नाही. मोसम आहे. हरणांचे कळप नदीवर आलेत आणि त्यांच्यामागे गाड्यांचे कळप. सगळं ठीक आहे. मुगुरे भली बाई आहे, पण किकुयु जमातीची आहे, त्यामुळे माझं बोलणं ती आधी मनात तोलते आणि मग लिहिते. तिने आज मला मांदाझी खायला दिली, पैसे घेतले नाहीत. त्यावरून तू काय ते समज.

नाही, ते खोड. खोडलंस? बरं, राहू दे.

मी दुकानाच्या ओट्यावर बसले आहे. इथून कॅम्पचा रस्ता दिसतो. समोर बाभळीखाली ओले सोपिया बसलाय. चांगली चादर पांघरून आलाय, तपकिरीची नळी गळ्यात आहे. तो तुला फोन लावतोय, लागत नाहीये, पुन्हा लावतोय. त्याचा फोन आधी पोचेल हे मला कळतं. पण फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं आणि तुझ्या हातात राहील ते हे, म्हणून माझी बाजू लिहून ठेवते.

पाहुणा रानात राहिला.

सिलांतोईच्या गाडीतला. लाल कानांचा म्हातारा. थंड देशातला आहे, तिकडे टपालखात्यात होता. मुलीला घेऊन आलाय. कॅम्पच्या फाटकाशी मणी विकायला बसणाऱ्या बायकांनी मला सांगितलं की बाप-लेक आल्यापासून धुसफुसतायत. आज सकाळी वडाच्या वळणावर गाड्या थांबवून सगळ्यांनी न्याहारी केली. तिथे बाप-लेकीचं वाजलं. मुलगी रागाने पर्मुआतच्या गाडीत जाऊन बसली, आणि पर्मुआतकडचा कॅमेरेवाला पोरगा हिच्या गाडीत आला. निघताना पर्मुआतने मोजलं. आकडा बरोबर आला, कारण येणारी आणि गेलेला सारखेच. सिलांतोईने बघितलं. म्हातारा दिसला नाही. पण लेक तिकडच्या गाडीत बसलेली दिसली, तेव्हा तिला वाटलं बापही तिकडेच असणार. गाय जिकडे तिकडे वासरू. आणि तिकडे लेकीला वाटलं, बाप आपल्याच जागेवर फुगून बसला असेल.

आपल्या कुठल्याही मुलीला असंच वाटलं असतं. मलाही वाटलं असतं.

कॅम्पवर जेवायला बसले तेव्हा कळलं. गाड्या शोधायला परत गेल्या त्याला बराच वेळ झाला. आता ऊन कलायला लागलंय. त्या वळणावर परवा सिंहिणीने रानरेड्याचं पिल्लू मारलं होतं. हे तुला सांगायची गरज नव्हती, तिथेच तू गुरं चारलीस.

मॅडमनी तिला सर्वांसमोर विचारलं, “तू मोजलं होतंस?” पर्मुआत मध्ये पडला, चांगला पोरगा आहे. म्हणाला, “मोजलं मॅडम. मी पाहिलं, हिचे ओठ हलत होते.” सिलांतोई म्हणाली, “ओठ हलत होते. मी मोजत नव्हते.” हे मला भांडी घासणाऱ्या बाईने सांगितलं, तिने स्वतःच्या कानाने ऐकलं. अंगावरचा गणवेश वाचवायचा तर गप्प बसली असती तरी चाललं असतं. तुझी मुलगी आहे, पण ही सवय तिला तुझ्याकडून लागलेली नाही.

मॅडम म्हणाल्या, आधी माणूस शोधा, बाकीचं नंतर.

आता ओले सोपिया उठला. इकडे येतोय. थांब मुगुरे.

आला, बसला, तपकीर पुढे केली. मी घेतली नाही. म्हणाला, “नूलमोंगी, मला दुःख झालं.” मी म्हटलं, “तुझी चादर बघून वाटत नाही.” म्हणाला, “मी भांडायला आलेलो नाही. कोइनेतचा शब्द सगळ्यांनी ऐकलाय. गणवेश उतरला तर मुलगी आज माझ्याबरोबर निघेल. म्हातारा मेला तर गणवेश उतरणारच.” मी म्हटलं, “म्हातारा जिवंत असू दे अशी प्रार्थना कर. म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्यांचं बघावं.” त्याला हसू आलं. त्याचं हसणं मला आवडत नाही, कारण माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

पुन्हा बाभळीखाली गेला. फोन लागला बहुतेक. बोलतोय. माझ्याकडे पाठ केली.

गाडी निघून गेली त्या दिशेला धूळ खाली बसलीय. दुसरी धूळ दिसत नाही. मुगुरे म्हणते, कोइनेतच्या आई, आत या, ऊन लागतंय. ऊन लागत नाहीये, तिला मला रस्त्याकडे बघू द्यायचं नाही.

कोइनेत, ती त्या वळणावर पायी उतरली असेल. मला माहीत आहे. गाडी ओढ्यात जात नाही. ती उतरली असेल.

नारोकला जाणारी मटाटू उभी आहे. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पत्र द्यायचं तर आत्ता द्या म्हणतो.

दे.


तालेक, २५ जुलै

कोइनेतला, त्याच्या आईकडून.

पोरं बरी आहेत. गुरांचं मागून सांगते.

म्हातारा मिळाला. त्याचे कान आता आणखी लाल झालेत, बाकी धड आहे.

तो गेला होता टायर बघायला. पाहुणे झाडामागे जातात त्याला टायर बघणं म्हणतात हे तुला तिथल्या हॉटेलातही कळलं असेल. वय झालेल्या पुरुषाला टायर बघायला वेळ लागतो. तेवढ्यात त्याच्या डोक्यावरच्या फांदीवर मध दाखवणारा पक्षी येऊन बसला आणि चिवचिव करायला लागला. सकाळीच सिलांतोईने त्यांना सांगितलं होतं, हा पक्षी माणसाला हाका मारतो, पुढच्या झाडावर जातो, पुन्हा हाका मारतो आणि पोळ्यापर्यंत नेऊन सोडतो. बाकीच्यांना सिंह बघायचे होते. हा एकटा त्या पक्ष्याबद्दल विचारत राहिला होता. मुलीशी भांडण झालेलं, परत जाऊन तिचं तोंड बघायचं नव्हतं, आणि इथे कोणीतरी त्याला प्रेमाने हाका मारत होतं. गेला मागोमाग. इकडे गाड्या निघाल्या.

पर्मुआत चाकांच्या खुणांवरून शोधायला लागला. सिलांतोई वडाखाली उभी राहिली. हरवलेल्या जनावराला कसं शोधायचं? सकाळपासून त्याचं मन कशात होतं ते आठवायचं. हे तूच तिला शिकवलंस, विसरला असशील. ती कान देऊन उभी राहिली आणि ओढ्यापलीकडे तिला तो पक्षी ऐकू आला.

गाडी ओढ्यात उतरेना. पायी जायला नियमाने बंदी आहे. ती पायी गेली. पलीकडे उंच वारुळावर म्हातारा बसलेला, आणि खाली झुडपात म्हातारा रानरेडा, एकटा, कळपातून काढलेला. वारुळाच्या इतका जवळ की म्हाताऱ्याची टोपी पडली असती तर शिंगावर पडली असती. तो तिथे किती वेळ तसाच बसला होता देव जाणे. सकाळी हिने सांगितलं होतं, चुकलात तर उंच जागी बसा, आवाज करू नका, पळू नका. टपालातला माणूस, सांगितलं तसं वागला.

ती वाऱ्याची दिशा बघून मागच्या अंगाने वारुळाला चिकटली. परत न्यायचं तर मोकळ्यावरून न्यावं लागणार, रेडा उठला तर संपलं. मग तीही बसली. म्हाताऱ्याने मागे न वळता हळूच विचारलं, “माझी मुलगी आलीय?”

“आलीय. ओढ्यापलीकडे गाडीत आहे.”

“रागावलीय?”

“ते तुम्ही तिला विचारा.”

मग वारा फिरला. रेडा उठला. नाक वर करून बघत राहिला. म्हाताऱ्याला उठायचं होतं. हिने वासराचा धरतात तसा त्याचा घोटा धरून ठेवला. मला सांगताना तिने माझा घोटा धरून दाखवला, बोटं उमटलीत. रेडा बघत होता. तुला माहीत आहे तो कसा बघतो. शेवटी त्याला तहान लागली, किंवा या म्हाताऱ्याचा कंटाळा आला. पाण्याकडे निघून गेला.

म्हाताऱ्याला ओढा ओलांडून आणलं तेव्हा मुलगी गाडीतून उतरून उभी होती. तो तिला म्हणाला, “मी नाही हे तुला कधी कळलं?” ती म्हणाली, “जेवायला बसल्यावर. तुमची खुर्ची रिकामी दिसली.” एवढंच. पर्मुआत म्हणतो, कॅम्पपर्यंत तिने बापाची टोपी हातात धरली होती, त्याला दिली नाही.

आता गुरांचं. ओले सोपिया माझ्या दाराशी आहे. काल आला आणि बसून राहिलाय. मी त्याला दूध देते, तो घेतो, शेणाच्या भिंतीला टेकून आपल्या कालवडींकडे बघतो.

गणवेश मॅडमकडे आहे. घडी करून त्यांच्या कपाटात. सिलांतोईने आपली न मोजण्याची रीत सांगितली तेव्हा मॅडम म्हणाल्या, “तुझ्या आजीचं सगळं मला मान्य आहे. पण तू उशिरा पोचली असतीस तर मी त्या मुलीला काय सांगणार होते?” हा प्रश्न मीही उलटापालटा करून बघितला. त्यांनी सांगितलंय: सोमवारी यायचं. गाडी सुरू करण्याआधी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने मोजायचं. जमत असेल तर गणवेश घे, नाहीतर नको.

मी ओले सोपियाला सांगितलं, गणवेश धुवायला टाकलाय. तो म्हणाला, “दोरीवर दिसत नाही.” मी म्हटलं, “तुला दोरी तरी दिसते का?” तो म्हणाला, “सोमवारपर्यंत बसतो. वाळायला तेवढा वेळ पुरे.” म्हणजे त्याला सगळं कळलंय.

त्याने आणखी सांगितलं. त्या दिवशी फोन लागला तेव्हा त्याने तुला सगळी हकीकत सांगितली, आणि तू ती ऐकून घेतलीस. मग म्हणालास, “ती कुठे आहे?” त्याला वाटलं तू पांढऱ्या कपाळाच्या कालवडीबद्दल विचारतोयस. म्हणून त्याने सांगितलं, आवारात आहे, गाभण आहे. तू फोन ठेवलास.

मला हे त्याने हसत सांगितलं. मी हसले नाही. मी आत जाऊन जरा बसले.

सिलांतोई काल रात्रभर चुलीशी बसून होती. सकाळी दूध काढताना म्हणाली, “कोको, मोजू का?” मी वासरू मागे ओढलं. ती म्हणाली, “तू नको म्हणालीस तर मी मोजणार नाही. आणि त्याच्याबरोबर जाणारही नाही. मग काय करायचं ते मला माहीत नाही.” गाय हलली, दूध सांडलं, तेवढ्यावर राहिलं.

सोमवार लांब नाही. मला अजून सुचलेलं नाही, कोइनेत. तुला सुचत असेल तर रेंज शोध.


तालेक, ३० जुलै

कोइनेतला, त्याच्या आईकडून.

पोरं बरी आहेत. गुरं कमी झालीत आणि बरी आहेत.

तुझा फोन आला नाही. मी वाट बघितली असं नाही, पण मुगुरेचं दुकान उघडं होतं तोवर मी तिथे होते.

रविवारी मी सिलांतोईला समोर बसवलं. तिला म्हटलं, आपलं ते आपण मोजत नाही. मी मोजणार नाही, तूही मोजू नकोस, तुझ्या पोरांना मोजू देऊ नकोस. पण ही माणसं आपली आहेत का? ही त्यांच्या घरून मोजून निघाली. विमानात मोजून भरली, मोजून उतरवली, गादीवर मोजून झोपवली. मरणाला त्यांचा आकडा कधीच कळलाय आणि त्याने काही केलेलं नाही. त्यांना आणखी एकदा मोजल्याने काय होणार? आणि त्यांना बघून ओळखेल असं त्यांचं माणूस इथे नाही. असलं तरी दुसऱ्या गाडीत रुसून बसलेलं असतं. ज्याला बघणारं कोणी नाही त्याला मोजावंच लागतं.

ती म्हणाली, “हे तुला आत्ता सुचलं की आधीच माहीत होतं?” मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला असलं विचारू नये.

खरं सांगते, तुलाच सांगते, हिने लिहिलं तरी चालेल: मला भीती वाटत होती. अजून वाटते.

सोमवारी मी मुगुरेच्या भावाच्या मोटरसायकलवर बसून कॅम्पच्या फाटकाशी गेले. ओले सोपियाही चालत आला, सगळ्यांच्या आधी निघून सगळ्यांच्या नंतर पोचला. आम्ही मणीवाल्या बायकांबरोबर बसलो. मॅडमनी कपाटातून गणवेश आणून दिला. ती आत गेली, घालून आली. पाहुणे गाडीत चढले. त्यात लाल कानांचा म्हातारा होता आणि त्याच्याशेजारी त्याची मुलगी. त्यांना दुसरी गाडी देत होते, त्यांनी हीच मागितली.

सिलांतोईने पहिल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फाटकाकडे बघत थांबली. पर्मुआत आपल्या गाडीतून बघत होता. मॅडम बघत होत्या. मणीवाल्या बायकांनी चादरी कानांवर घेतल्या, कारण त्यांनाही ऐकायचं नव्हतं. ओले सोपियाने माझ्याकडे बघितलं. मी उठले, फाटकाच्या दांड्याला धरून उभी राहिले आणि तिला दिसेल अशी मान हलवली.

मग तिने मोजलं. मोठ्याने. शेवटचा हात म्हाताऱ्याच्या खांद्यावर पडला तेव्हा त्याने तो थोपटला. आकडा मी ऐकला आणि तिथेच विसरले.

मॅडम म्हणाल्या, “आणि तू? गाईडही मोजणीत धरायचा असतो.”

सिलांतोई म्हणाली, “मला नका धरू मॅडम. मला बघणारं माणूस फाटकाशी उभं आहे.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. कडक बाई आहे. पण म्हणाल्या, “जा. जेवणाआधी परत ये.”

गाडी गेली. ओले सोपिया उठला, चादर झटकली. म्हणाला, “नूलमोंगी, वाळला म्हणायचा गणवेश.” मी म्हटलं, “वाळला.” म्हणाला, “कालवडी सोड मग. मला तुझ्या दारात बसून दूध प्यायची सवय लागेल.” मी विचारलं, राग आला का. त्यावर म्हणाला, “माझ्या घरच्या बायका गेलं वर्षभर मला टोमणे मारतायत. आता निदान दुसऱ्या विषयावर मारतील.”

मी आवार उघडलं आणि त्याला सांगितलं, तुझ्या तू ओळखून घे, मी आकडा सांगणार नाही. त्याला नीट दिसत नाही. माझी ती बिनदातांची म्हातारी गाय ओढत निघाला होता. मी म्हटलं, जोडी शोभते, पण ती सोड. पांढऱ्या कपाळाची रविवारीच व्याली होती. वासरू तिच्यामागे गेलं. मी अडवलं नाही, वासरू आईमागे जाणारच. ओढ्यापर्यंत मी त्यांच्याकडे बघत होते. नाव ठेवलं नव्हतं ते बरं झालं.

तेव्हा कोइनेत, तुझा शब्द पाळला गेला. गणवेश तिच्या अंगावर आहे, कालवडी त्यांच्या घरी आहेत. चिडायचं असेल तर चीड. पण तू विचारलं होतंस, ती कुठे आहे, आणि तुला उत्तर मिळालं ते भलतीचं. म्हणून सांगते. ती इथे आहे. माझ्यासमोर पाय दुमडून बसलीय, बोटाला शाई लागलीय, आणि अक्षर तिचंच आहे हे तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील.

आत्ता तिने पेन थांबवलं. तुला तिच्याकडून काही लिहायचं का, मी विचारलं. नको म्हणते. मग म्हणते, “लिही, लाल कानांचा म्हातारा विमानतळावर गेला तेव्हा मुलीने त्याची बॅग उचलली होती.” मी कुठे लिहिते? तिनेच लिहिलं.

संध्याकाळी गुरं आत आली की मी कुंपणाशी उभी राहते. मोजत नाही. बघते. गुरं आली, पोरं आली, धूर निघाला, आणि कोण आलेलं नाही ते मला बघताच कळतं. रोज कळतं. मग दाराची काट्याची फांदी ओढते, पण पुरती ओढत नाही, माणूस वाकून शिरेल एवढी फट ठेवते. सिलांतोई ओरडते, कोको, तरस येईल.

तरसाला ती फट सापडायच्या आत ये.

तुझी आई
नूलमोंगी